पाईन बार्क मल्च: मोठ्या कुंड्यांना मस्त, भाजीच्या वाफ्यात नको

ऑर्किडसाठी म्हणून जी पाईनची साल मिळते ना, तीच मी मल्चिंगला, म्हणजे मातीवर पांघरूण घालायला, घेतली, मोठ्या तुकड्यांची, साधारण इंच-दीड इंचवाली, आणि अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा बघून मग हे लिहितेय. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मालासाठी नाही, विकायच्या पद्धतीसाठी, ते सांगतेच पुढे.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांचे काय हाल होतात ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहितीये, सकाळी पाणी घाला, दुपारी वरची माती कडक. मोगरा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता अशा मोठ्या कुंड्यांत मी दोन इंचाचा थर दिला आणि संध्याकाळी साल बाजूला करून बोट घातलं तर आत छान ओल, पाणी एक दिवसाआड केलं तरी लिंबू मान टाकत नव्हतं. ही साल मेणचट असते, स्वतः पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे घातलेलं पाणी फटींमधून सरळ मातीत उतरतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर पसरलं तर थोड्या पाण्यात तेच आधी भिजून बसतं आणि मुळांपर्यंत काही पोचतच नाही, म्हणून कोकोपीट मातीत मिसळायला ठीक, वर पांघरायला बार्क. आणि पावसात माती उडून पानांवर बसत नाही हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला, गुलाबाचे काळे ठिपके, टोमॅटोचा करपा हे बरेचदा असेच खालून उडालेल्या शिंतोड्यांमधून वर चढतात.

आता वापरायचं कसं, कारण चांगला माल घेऊन लोक चुकीचा टाकतात आणि मग बार्कला नावं ठेवतात. एक तर मातीत मिसळू नका. सालीत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी, मातीत कालवली की ती कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि झाड पिवळं पडतं. वर नुसती पसरली तर हा प्रकार फक्त वरच्या पातळ थरात होतो, मुळांना काही त्रास नाही. खत द्यायचं असेल तेव्हा साल बाजूला सारा, शेणखत किंवा गांडुळखत मातीवर घाला, परत झाका, सालीच्या वर खत टाकून काही उपयोग नाही. आणि खोडाभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी हवीच हवी! खोडाला टेकवून ढीग केला की पावसाळ्यात बुंध्याची साल सतत ओली राहते आणि तिथूनच कूज लागते, सोसायट्यांच्या बागांमध्ये हे इतकं दिसतं की वाईट वाटतं. थर दोन ते तीन इंच, त्याहून जाड नको. अडेनियम आणि कॅक्टससाठी तर घेऊच नका, त्यांना वर खडी बरी.

तणाचं म्हणाल तर बारीकसारीक बी उगवत नाही हे खरं, पण लव्हाळा असेल तर विसरा, तो खालच्या गाठींमधून येतो आणि सालीला भोक पाडून वर येतो, हरळीचंही तेच, आधी मुळासकट काढा मगच पसरा. मेथी-कोथिंबीर पेरलेल्या वाफ्यात अजिबात नको, ती पण उगवणार नाही. भाजीला आपला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, फुकटात मिळतं, एका हंगामात कुजून मातीत जातं आणि मातीला काहीतरी देऊनही जातं. बार्कची मजा टिकण्यात आहे, वर्षभरानंतरही मोठे तुकडे तसेच असतात, मग दर दोन-तीन महिन्यांनी उपटायच्या भाजीवर ते कशाला घालवायचे.

पावसाळ्यात दोन गोष्टी. साल हलकी असते, तरंगते, कुंडी काठोकाठ भरलेली असेल तर जोराच्या सरीत सगळी गच्चीभर होते आणि पाण्याच्या पाइपाची जाळी तुंबते, म्हणून थर टाकल्यावर वर दीड इंच काठ रिकामा ठेवा. दुसरं म्हणजे गोगलगायी, त्यांना अशी ओली सावली फार आवडते, खाली जमिनीवरच्या वाफ्यात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये रात्री टॉर्च घेऊन बघा, हाताने वेचून काढणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. आणि घराच्या भिंतीला किंवा लाकडी चौकटीला चिकटून पसरू नका, आपल्याकडे वाळवी काही कमी नाही.

आता तो कापलेला स्टार. हे लोक किलोवर विकतात. साल ओली असली की वजन वाढतं, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतो, माझ्या पिशवीत तळाला चुराही बराच होता. लिटरमध्ये देणारा विक्रेता शोधा, हिशोब सोपा आहे, एक चौरस फुटाला दोन इंच थर म्हणजे पावणेपाच लिटर, बारा इंची गोल कुंडीला पावणेचार लिटर धरा. चुरा मल्चिंगला वापरू नका, तो दाबून बसतो आणि एकदा कोरडा पडला की पाणी वरूनच घरंगळतं, माझा सगळा कंपोस्टच्या ड्रममध्ये गेला. पिशवी उघडल्यावर आंबूस वास आला तर लगेच झाडाला घालू नका, सावलीत पसरून ठेवा दोन-तीन दिवस, वास गेला की वापरा.