नाताळच्या केकसाठी शाहूपुरीतील लाकडी भट्टी

केकच्या मिश्रणाचे पातेले स्वच्छ फडक्याने बांधून भट्टीवर निघालो की नाताळ लागला, असे माझी आजी म्हणत असे, आणि आमच्या घरात आजही तसेच मानले जाते. शाहूपुरीतील ज्या बेकरीबद्दल मी लिहीत आहे, तिथे आपण नेलेले साहित्य लाकडाच्या भट्टीत भाजून मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत तिथे नानकटाईसाठी रांग असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र आमची ख्रिस्ती घरे डबे घेऊन येतात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये आमच्या चार पिढ्यांनी नाताळची उपासना केली आहे, आणि तिथून घरी आल्यावर पहिला कापला जातो तो याच भट्टीतला केक.

या भट्टीचे खरे कसब उष्णतेच्या अंदाजात आहे. पहाटे पाव निघतात तेव्हा भट्टी फार तापलेली असते. त्यानंतर बिस्किटे आणि नानकटाई लागते, आणि आच उतरल्यावरच केकची पाळी येते, कारण बेदाणे, चारोळी आणि गुळाच्या पाकाने जड झालेला केक मंद आचेवर सावकाश शिजावा लागतो. आमचे बेदाणे तासगावचे असतात आणि नोव्हेंबरअखेरीस ते संत्र्याच्या रसात भिजत पडतात. सोडा आम्ही घरी घालत नाही. भट्टीवर नंबर आल्यावरच घालतो, अन्यथा मिश्रण ताटकळून केक मधोमध बसतो. तिथले मामा हे जाणतात आणि पाळी जवळ आली की स्वतः हाक मारतात. ‘ताई, आईंचे गुडघे कसे आहेत?’ अशी विचारपूसही त्यांनी यंदा केली, कारण आई प्रथमच आली नव्हती. बिनअंड्याच्या केकचे ट्रे ते वेगळे लावतात, हेही नोंदवावेसे वाटते. आमच्या शेजारच्या काकूंना दिवाळीच्या फराळाची परतफेड आम्ही त्याच केकने आणि करंज्यांनी करतो.

उणीव एकच, पण ती लहान नाही. २३ तारखेला गर्दी इतकी झाली की आम्हाला तीन तास थांबावे लागले आणि आमच्या पाच डब्यांपैकी एकाचा तळ करपला. मामांनी त्या डब्याची भाजणावळ घेतली नाही. तरीही आईने महिनाभर भिजवलेले बेदाणे वाया गेल्याचे वाईट वाटलेच. किलोमागे ७० रुपये हा दर मला रास्त वाटतो. तयार केक याहून दिसायला देखणे मिळतात, परंतु पातेल्याच्या कडेचे मिश्रण चाटायला भांडणारी भावंडे आणि उपासनेहून परतताच दारात येणारा तो गुळाचा, किंचित धुरकट वास त्यांत नसतो. पुढच्या वर्षी आम्ही २१ तारखेलाच, दुपारी दोनच्या आत जाणार आहोत. त्या वेळी पाव संपलेले असतात आणि भट्टी केकसाठी नेमकी निवलेली असते.