स्क्रीनवर नाव 'लाईट बिल ऑफिस' आलं आणि 46 हजार गेले

मी शिवाजी पेठेत पिठाची गिरण चालवतो, बाजूला मिरची कांडपाचं मशीन पण हाय. मे महिना म्हणजे आमचा सिझन, वर्षाची चटणी करून घ्यायला बायका सकाळपासून डबे लावून बसलेल्या असतात आणि त्यात वळीव आला की लाईटीचा खेळ चालू. हे आधी सांगतोय कारण नाहीतर तुम्ही म्हणणार एवढा हिशोबाचा माणूस फसला कसा.

पावणेसातला फोन वाजला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, म्हणून करंगळीनं उचलून स्पीकरवर टाकला. अनोळखी नंबर मी कधी उचलत नाही, पण कोणाचा फोन हाय ते सांगणारं ॲप मोबाईलमध्ये होतं, त्यावर 'लाईट बिल ऑफिस' असं नाव आलं, वर लोगो पण. झालं, तिथंच अर्धा फसलो.

"काका, मागच्या महिन्याचं बिल सिस्टीमला अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट होईल." म्हटलं भरलंय की, पावती हाय. "भरलंय हो काका, फक्त अपडेट नाही, ॲपमधून 12 रुपये भरा की झालं." आवाज एकदम गोड, माझ्यावर चिडला पण नाही. समोर सात-आठ डबे, साडेनऊला लाईट गेली तर उद्याचं कांडप बोंबललं, एवढंच डोक्यात.

व्हॉट्सॲपवर फाईल आली. हात पुसून उघडली तर मोबाईलच सांगत होता की हे ॲप धोक्याचं असू शकतं, मी त्याला ते वाचून पण दाखवलं, तर म्हणतो "सरकारी ॲपला तसंच येतं काका, खालचं बटण दाबा." दाबलं. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती पण दिली. कार्डचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं टाकलं. 12 रुपये काय गेले नाहीत, 'फेल' आलं. "अर्ध्या तासात होईल, फोन बंद करू नका" म्हणाला.

नऊला गिरण बंद करून बघतोय तर खात्यातून दोन वेळा मिळून 46 हजार गायब, आणि बँकेचा एक मेसेज दिसला असेल तर शपथ. ओटीपी माझ्याच मोबाईलवर येत होता, पण ते ॲप तो तिकडं पाठवत होतं. मी कुणाला ओटीपी सांगितलाच नाही हे मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होतो, काय उपयोग.

पोरानं आधी नेट बंद केलं, कार्ड ब्लॉक केलं आणि दुसऱ्या फोनवरनं 1930 लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. बँक, किती वाजता, व्यवहाराचा नंबर, एवढं विचारतात, ते हाताशी ठेवा. साडेसतरा हजार पुढच्या खात्यात अडकवले, बाकीचे तोवर काढून नेलेले. अडकलेले पण अजून हातात आलेले नाहीत, चकरा चालू हायत.

आता त्या नावाचं सांगतो, कारण माझा खरा घोटाळा तिथं झाला. असल्या ॲपवरचं नाव कुणी आधार कार्ड बघून लिहीत नाही, लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये जे सेव्ह केलंय त्यावरनं येतं, आणि नंबरवाला स्वतः पण पाहिजे ते नाव टाकू शकतो. बँकांचे कामाचे फोन आता 1600 नं सुरू होणाऱ्या नंबरवरनं यायला पाहिजेत, जाहिरातीचे 140 वरनं. माझा तर साधा दहा आकडी मोबाईल नंबर होता, तेवढा मी बघितलाच नाही, नाव बघत बसलो. 1909 ला मेसेज करून डीएनडी, म्हणजे नको असलेले फोन बंद करायची सोय, कवाच लावलेलं, पण ते जाहिरातवाल्यांसाठी, चोर कशाला ऐकतोय. असले फोन सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर 'चक्षू' नावाच्या भागात कळवता येतात, पैसे गेले नसले तरी, मी तो नंबर टाकलाय.

आणि बिल थकलं तरी लाईट तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, 2003 चा वीज कायदाच हाय तसा. हे मला आमच्या वायरमननं सांगितलं, तिसऱ्या दिवशी.

आता त्याचा पण फोन मी उचलत नाही, बिचारा खाली रस्त्यावरनं हाक मारतोय.