जपानी सिंगल कास्क व्हिस्कीचे मूल्यांकन आणि लिलाव : एका सेवेचे परीक्षण

दाजींच्या निधनानंतर ताईच्या लंडनमधील घरात जपानी व्हिस्कीच्या तीन सीलबंद बाटल्या निघाल्या. टोकियोत नोकरीला असताना दाजींनी त्या हौसेने घेतल्या होत्या. हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्यांची किंमत ठरवून विक्री पार पाडण्याचे काम ताईने माझ्यावर सोपवले आणि नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील कार्यालयात बसून मी ते चार महिने ईमेल आणि फोनवरून केले. त्यासाठी आम्ही ब्रिटनमधील एका ऑनलाइन लिलावगृहाची सेवा घेतली. पुढे दोन तक्रारी लिहायच्या असल्याने त्याचे नाव येथे देत नाही.

बाटल्या नाशिकला आणून इथल्याच एखाद्या शौकिनाला विकता येतील का, असे घरातल्या काहींनी सुचवले होते. ते शक्य नाही. परदेशातून येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते हे खरे, परंतु महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य विकणे हा गुन्हा आहे, मग ती बाटली कितीही दुर्मिळ असो आणि घेणारा कितीही ओळखीचा असो. त्यामुळे बाटल्या लंडनमध्येच ठेवून तिथेच विकायचे ठरले.

तिन्ही बाटल्या सिंगल कास्क होत्या, म्हणजे त्यातील व्हिस्की एकाच पिंपातली, दुसऱ्या कोणत्याही पिंपातल्या व्हिस्कीची भेसळ न करता भरलेली. शेरी या स्पॅनिश वाइनचे मोठे पिंप साधारण ५०० लिटरचे असते आणि मुरण्याच्या वर्षांत त्यातला बराच भाग उडून जातो. म्हणून एका पिंपातून काहीशेच बाटल्या निघतात, कधी त्याहूनही कमी, आणि तेवढ्या संपल्या की तशी व्हिस्की पुन्हा होत नाही. आमच्याकडची पहिली बाटली करुइझावा या डिस्टिलरीची, म्हणजे मद्य गाळणाऱ्या कारखान्याची, १९८१ साली गाळलेली. दुसरी हान्यू डिस्टिलरीच्या व्हिस्कीची, तिच्या संस्थापक घराण्यातील इचिरो अकुतो यांनी काढलेल्या पत्त्यांच्या मालिकेतली, जिच्यात प्रत्येक लेबलवर खेळण्यातला एक पत्ता असतो. तिसरी होक्काइडोतल्या योइची डिस्टिलरीच्या दुकानात दाजींनी स्वतः विकत घेतलेली. पहिल्या दोन बाटल्यांना एवढा भाव का येतो, ते त्या डिस्टिलरींच्या इतिहासावरून कळते. असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी १९५५ मध्ये उभी राहिलेली करुइझावा डिस्टिलरी २००० मध्ये थांबली, उरलेली ३६४ पिंपे २०११ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने विकत घेतली आणि पुढे डिस्टिलरीची इमारतही पाडली गेली. सैतामा प्रांतातील हान्यूचे गाळपही २००० मध्येच बंद पडले. तिथली सुमारे ४०० पिंपे अकुतो यांनी वाचवली आणि त्यातून २००५ ते २०१४ या काळात पत्त्यांच्या मालिकेतील बाटल्या काढल्या.

या सेवेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे मूल्यांकन, आणि ते विनामूल्य होते. त्यांनी प्रत्येक बाटलीची सहा छायाचित्रे मागवली: पुढचे लेबल, मागचे लेबल, बुचावरचे आवरण, तळ, खोके, आणि उजेडासमोर धरून घेतलेले असे एक की ज्यात द्रवाची पातळी स्पष्ट दिसेल. गाळल्याचे वर्ष, बाटलीत भरल्याचे वर्ष, पिंपाचा क्रमांक, पिंपाचा प्रकार, मद्यार्काचे प्रमाण आणि बाटलीचा क्रमांक हे सारे आम्हाला वेगळे लिहून द्यायचे होते. चार दिवसांनी उत्तर आले, आणि त्यात आकड्यांबरोबर त्या आकड्यांमागची कारणेही होती. त्याच पिंपातील दुसरी बाटली याआधी लिलावात आली असेल तर तिची किंमत पहिला आधार धरली जाते. तशी नोंद नसेल तर त्याच वर्षी गाळलेल्या आणि त्याच प्रकारच्या पिंपात मुरलेल्या बाटल्यांकडे पाहिले जाते. दुकानांच्या संकेतस्थळांवर मागितलेली किंमत ते मुळीच मोजत नाहीत. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतला हा फरक त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिला होता. माझ्या व्यवसायात मी हाच आग्रह रोज धरतो, म्हणून त्यांच्यावरचा माझा विश्वास तिथेच बसला.

ताईची अपेक्षा मात्र बातम्यांवरून ठरलेली होती. करुइझावाच्या १९६० सालच्या, ५२ वर्षे मुरलेल्या, ५६२७ क्रमांकाच्या पिंपातील एक बाटली मार्च २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३ लाख ६३ हजार पौंडांना गेली होती, हे तिने वाचले होते. त्या पिंपातून केवळ ४१ बाटल्या निघाल्या होत्या. मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी ताईला फोन करून शांतपणे समजावले की १९८१ च्या बाटलीला तो मापदंड लागू होत नाही. पत्त्यांच्या मालिकेबाबतही तसेच घडले. पूर्ण ५४ बाटल्यांचा संच ऑगस्ट २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये ७१ लाख ९२ हजार हाँगकाँग डॉलरला विकला गेला. त्याला ५४ ने भागले तर एका बाटलीचे सुमारे १ लाख ३३ हजार होतात, पण हा भागाकार फसवा आहे, कारण त्या किमतीत संच पूर्ण असण्याचे मोल धरलेले असते आणि सुट्या बाटलीला ते मिळत नाही. जो विक्रेत्याला मोठा आकडा सांगून बाटली मिळवू पाहतो, तो एवढे स्पष्ट बोलत नाही. याशिवाय जुन्या व्हिस्कीचे लिलावातील भाव २०२२ नंतर उतरले आहेत, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

एक गोष्ट नाशिककरांसाठी मुद्दाम लिहितो. आपल्याकडे द्राक्षबागा आणि वायनरी झाल्यापासून वाइनची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते, हे अनेक घरांत ठाऊक झाले आहे. व्हिस्कीच्या बाबतीत हाच नियम घातक ठरतो. तिच्यातील तीव्र मद्यार्क बुचाला खातो, बूच झिजून गळती लागते, म्हणून व्हिस्की नेहमी उभी, अंधारात आणि एकसारख्या तापमानात ठेवायची असते. शिवाय वाइन बाटलीत पिकत राहते, पण व्हिस्कीचे मुरणे पिंपातून बाहेर पडताच थांबते. दाजी गेल्यानंतर ताईने करुइझावाची बाटली वाइनच्या मांडणीत आडवी ठेवली होती आणि पातळी मानेवरून खांद्यापर्यंत उतरली होती. मूल्यांकनात तिच्या अंदाजाचा खालचा आकडा याच कारणाने कमी धरला होता, आणि तसे छायाचित्रावर खूण करून दाखवले होते.

लिलावाची पद्धत लासलगावच्या बाजार समितीत माल घेऊन उभे राहिलेल्या माणसाला लगेच समजेल. तिथे शेतकरी आपल्या कांद्याच्या वाहनाशेजारी उभा असतो, बोली पटली नाही तर माल परत नेऊ शकतो. इथे तेच काम राखीव किंमत करते. तिच्या खाली बोली थांबली तर बाटली विकली जात नाही. लिलाव दहा दिवस चालला, आणि शेवटच्या मिनिटांत नवी बोली आली की वेळ थोडी वाढत जाई, त्यामुळे अखेरच्या क्षणी झडप घालून स्वस्तात बाटली उचलणे कोणालाच जमत नव्हते. विक्रेत्याकडून अंतिम बोलीच्या ५ टक्के दलाली, त्या दलालीवर २० टक्के कर, आणि राखीव किंमत ठेवण्याचे वेगळे छोटे शुल्क अशी आकारणी होती. म्हणजे १,००० पौंडांच्या बोलीवर हे शुल्क वगळता ९४० पौंड हातात येतात. खरेदीदारालाही वर १२ टक्के द्यावे लागत असल्याने तो बोली त्या हिशेबानेच लावतो. बाटल्या घरून नेण्याची विमा उतरवलेली व्यवस्था चोख होती.

करुइझावा अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा थोडी वर गेली आणि पत्त्यांची बाटली वरच्या टोकाजवळ पोहोचली. रक्कम ही ताईची खाजगी बाब आहे, ती लिहीत नाही.

आता तक्रारी. करुइझावाच्या नोंदीत पिंपाचा प्रकार लिहायचे राहून गेले होते. शेरीच्या पिंपात मुरणे ही त्या बाटलीची मुख्य ओळख, आणि ती लेबलवर छापलेली असूनही लिलावाच्या पहिल्या दोन दिवसांत खरेदीदारांना दिसत नव्हती. मी दोनदा लिहिल्यावर दुरुस्ती झाली, पण एवढ्या काळजीने मूल्यांकन करणाऱ्या संस्थेत नोंद लिहिणारा आणि मूल्य ठरवणारा यांचा परस्परांशी संवाद नसावा, हे मला खटकले. दुसरी तक्रार पैशांची. नियमात तीन आठवडे लिहिले होते, रक्कम पाच आठवड्यांनी जमा झाली, आणि उशिराचे कारण विचारल्यावर केवळ साचेबंद उत्तर आले. या संस्थेकडे माल देणाऱ्याने पैसे जमा होण्याची तारीख आधीच लेखी मागून घ्यावी.

योइचीच्या बाटलीबाबत त्यांनी वेगळाच सल्ला दिला. डिस्टिलरीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या छोट्या बाटलीचे शुल्क वजा जाता फारसे काही उरणार नाही, तेव्हा विकायची की ठेवायची याचा पुन्हा विचार करा, असे मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी ताईला लिहिले. ताईने ती परत मागवली. खोक्यात बाटलीबरोबर दुकानाची जुनी पावतीही आली. ती आम्ही मूळ खरेदीचा पुरावा म्हणून पाठवली होती, आणि तिच्या मागे दाजींनी पेन्सिलने त्या सहलीची तारीख लिहून ठेवली होती.