घरच्या घरी एटीएफ: टप्प्याटप्प्याने बदलावं की एकदम?

कोकणात पिकअप म्हटली की क्लचवाली बोलेरोच डोळ्यांपुढे येते. ऑटोमॅटिक व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेणारे आपण मोजकेच. त्यामुळे एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या ऑईलचा, विषय काढला की गावातला मेस्त्री हात वर करतो, आणि ‘ह्या ऑईलला आयुष्यभर हात लावायचा नसतो’ असं सांगणारेही भेटतात. आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट नाहीतर आंबा घाट चढणाऱ्या गाडीला ते लागू नाही. चढावर भरल्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला, ऑईलमधून इंजिनचा जोर पुढे देणारा भाग) घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता ऑईलच्याच माथी जाते. तेव्हा बदलायचं हे धरून चालू. प्रश्न एवढाच, की कसं.

एक पद्धत ड्रेन नटाची, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या नटाची. खालून येईल तेवढं काढायचं, मोजून तेवढंच भरायचं, थोडे दिवस गाडी फिरवायची आणि पुन्हा तेच. दुसरी कूलरच्या पाईपाची, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑईल थंड व्हायला ज्यातून जातं-येतं त्या पाईपाची. रेडिएटरकडून परत येणारा पाईप सोडवायचा, इंजिन चालू केलं की गिअरबॉक्सचाच पंप जुनं ऑईल बादलीत ओततो, लिटर-दोन लिटर आलं की इंजिन बंद, तेवढं नवं भरायचं, आणि लाल स्वच्छ धार येईपर्यंत हेच चालू. गॅरेजमधलं मशीनही बहुधा ह्याच पाईपांना जोडतात, म्हणून त्याचा वेगळा विचार करत नाही.

हिशेबाने दुसरी पद्धत सरस. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण १० लिटर ऑईल आहे आणि ड्रेन नटातून ४ लिटर निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि पाईपांत अडकून राहतं. पहिल्या खेपेनंतर जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर जवळपास २२. म्हणजे १२ लिटर ओतूनही पाचवा हिस्सा जुनाच. तेवढ्याच ऑईलमध्ये कूलरच्या पाईपाने जवळजवळ सगळं बदलून होतं, तेही एका सकाळी.

मी दोन्ही केलंय, आणि माझं मत फिरलं ते एका क्लिपेमुळे.

समुद्र हाकेच्या अंतरावर असला की गाडीच्या पुढच्या भागातलं लोखंड काय होतं हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. कूलरच्या पाईपावरची स्प्रिंगची क्लिप गंजून तांबडी झालेली, रबर खालच्या लोखंडी नळीला चिकटून बसलेलं. पक्कड लावून पिळावं तर नळीच वाकायची भीती, ब्लेडने कापावं तर नवा पाईप मागवायला कोल्हापूर गाठा. सुटला एकदाचा. पण नळीच्या टोकावर गंजाचे खवले, आणि रबर बसतं ते नेमकं तिथेच. पॉलिश पेपर मारला, नवा पाईप, नवी क्लिप, सगळं केलं, तरी नंतर कित्येक दिवस चिऱ्यांवर लाल ठिपके पडत राहिले. इंजिन ऑईल थोडं पाझरलं तर आपण काणाडोळा करतो. इथे पातळी थोडी खाली गेली तरी गिअर घसरायला लागतो, म्हणून रोज सकाळी वाकून बघणं आलं. नव्या क्लिपेलाही एका पावसाळ्यात तांबूस कडा आलीच.

ड्रेन नटाचं असं काही नाही. नट सुटतो, नवा वायसर घालून बसतो, विषय संपला. भरायचा नट आधी सुटतोय ना ते बघून मगच खालचा काढायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शिवाय घाई नसते. पाईपाच्या पद्धतीत चावीपाशी एक माणूस लागतो आणि त्याने वेळेवर इंजिन बंद केलं नाही तर पंप कोरडा फिरतो. आमच्याकडे त्या कामाला पुतण्या होता, आणि त्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये.

टप्प्यांच्या पद्धतीचा त्रास एकच, पण तोही खरा: पातळी दर खेपेला तपासावी लागते. ह्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑईल ठरावीक तापमानाला असताना, बऱ्याच ठिकाणी ४० अंशांच्या आसपास, ओव्हरफ्लोच्या भोकातून धार तुटून थेंब पडू लागले की नट लावायचा. मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं ऑईलच पस्तिशीला टेकलेलं असतं; इंजिन सुरू करून खाली सरकेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून मी हे काम दिवाळीनंतर पहाटे करतो, हंगामाच्या आधी. आणि गाडी सपाट हवी. कोकणातलं खळं डोळ्यांना सपाट दिसतं, पाणसळ लावली की उतार कळतो. स्कॅनरचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं छोटं यंत्र) मोबाईलला जोडून ऑईलचं तापमान बघता येतं, तो मात्र घ्याच.

उरलेल्या पाचव्या हिश्शाचं काय? मापून सांगू शकत नाही, पण दुसऱ्या खेपेनंतरच घाटात खालचा गिअर पडताना बसणारा धक्का गेला, आणि तिसऱ्यानंतर मला फरक जाणवला नाही. तुमची गाडी घाटावर राहत असेल, पाईप नवे असतील, किंवा जुनी घेतलेली असून आतलं ऑईल कुठलं हेच माहीत नसेल, तर एकदम बदलणंच कदाचित बरं पडेल. बाकी किनाऱ्यावरच्यांनी निदान आधी बॅटरी घेऊन वाकून ती क्लिप बघावी. तांबडी दिसली तर ड्रेन नटाचे दोन-तीन वायसर जास्तीचे मागवून ठेवा. आणि जुनं ऑईल विहिरीच्या बाजूला ओतू नका; आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला शेजारी डबा घेऊन येतात.