पणजीची खोली की वागातोरचा क्लब? वेगळ्या वाटेच्या इलेक्ट्रॉनिक नाइटसाठी गोव्यात श्रोता कुठे जमवायचा

डब टेक्नो, इलेक्ट्रो, ड्रम अँड बेस असे कमी ऐकले जाणारे इलेक्ट्रॉनिक प्रकार वाजवणारी नाइट, म्हणजे ठरावीक दिवशी होणारी संगीताची रात्र, गोव्यात सुरू करायची म्हटली की बहुतेकांची पावलं आपोआप हणजूण-वागातोरच्या किनाऱ्याकडे वळतात. तिथे तयार गर्दी असते हे खरंच. पण त्यातली बरीच मंडळी पुढच्या महिन्यात आपापल्या गावी परतलेली असतात. म्हणून आधी एवढंच ठरवा: एका रात्रीची गर्दी हवी, की दर महिन्याला परत येणारी साठ माणसं? साठ माणसं हवी असतील तर सुरुवात पणजीतल्या एखाद्या बारच्या बंद खोलीत करावी, आणि तीही पावसाळ्यात, असं आमचं ठाम मत आहे. अपवाद सायट्रान्सचा, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वेगवान ट्रान्स संगीताचा. त्याचा श्रोता किनाऱ्यावरच रुजलेला आहे, त्याला पणजीत ओढून आणण्यात अर्थ नाही.

अंतर आणि वेळ

मडगावहून पणजी साधारण 33 किलोमीटर, तर वागातोर जवळजवळ 55. फोंडा, वास्को यांनाही पणजीच सोयीची पडते. रात्री उशिरा बस मिळत नाही, टॅक्सी महाग पडते आणि दारू पिऊन गाडी चालवू द्यायची नाही, म्हणजे परतीची सोय हा तुमच्या नाइटचाच भाग झाला. कोणाच्या गाडीत किती जागा आहे हे व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदल्या दिवशी विचारून घ्या.

वेळेच्या बाबतीत कायदाच स्थानिकांच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं ती वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. हणजूण-वागातोरच्या आवाजाची दखल उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही वारंवार घेतली आहे. किनाऱ्यावरच्या उघड्या जागेत पर्यटक जमू लागतो तेव्हा तुमची वेळ संपत आलेली असते. पणजीत मात्र ऑफिस सुटल्यावर माणूस सातला मोकळा होतो आणि साडेदहाला घरी पोचायचं म्हणतो. सात ते दहा ही वेळ त्याला अगदी बसते. पोस्टरवर संपण्याची वेळही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस ती वाचूनच यायचं ठरवतो.

वार ठरवताना पगाराचा विचार करा. महिन्याचा पहिला किंवा दुसरा शुक्रवार चांगला. चौथ्या आठवड्यात खिसे रिकामे असतात. हॉटेलांत, बारमध्ये काम करणारे हे संगीत मनापासून ऐकणारे असतात, पण त्यांची सुट्टी बहुधा सोमवार-मंगळवारची. तो श्रोता हवा असेल तर मंगळवार धरा. दर आठवड्याला करण्याच्या फंदात मात्र पडू नका. गोवा लहान आहे, तीच माणसं महिन्यातून चारदा येत नाहीत.

खोली आणि आवाज

क्लबमध्ये यंत्रणा तयार असते, खोलीत ती तुम्ही आणायची. साठ-ऐंशी माणसांच्या बंद खोलीला 12 इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर) आणि 18 इंची एक सब (फक्त बेसचा स्पीकर) पुरतो; डब किंवा ड्रम अँड बेससाठी दोन सब घ्या. दोन्ही सब एकमेकांना चिकटून ठेवा. दोन कोपऱ्यांत ठेवले तर मधोमध बेस दणदणतो आणि दोन पावलं बाजूला सरकलं की गायब होतो. भाड्याने साउंड देणाऱ्याची बहुतेक कामं लग्नाची असतात, त्याचा प्रोसेसर बेस आणि ट्रेबल दोन्ही उचललेल्या सेटिंगवर असतो. आल्याआल्या तो सपाट करून घ्या आणि 30 हर्ट्झच्या खालचं कापा. टर्नटेबल लाकडी पाटणीवर ठेवणार असाल तर खाली फरशीचा जाड तुकडा आणि रबर घाला, नाहीतर सबची थरथर सुईतून परत येते आणि घुमू लागते.

पणजीतली खरी अडचण म्हणजे शेजारी. कौलारू, जुन्या घरांतून 40-60 हर्ट्झचा बेस आरपार जातो. डीबी(ए), म्हणजे माणसाच्या कानाच्या धर्तीवर डेसिबल मोजणारा मीटर बेस कमीच दाखवतो, त्यामुळे आकडा ठीक दिसतो आणि शेजारच्या खिडकीची तावदानं मात्र वाजत असतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डीबी(ए), व्यापारी भागात 55. खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा 5 हून जास्त आवाज जाता कामा नये. दिवसाच्या मर्यादा अनुक्रमे 55 आणि 65, आणि दिवस धरला जातो रात्री दहापर्यंत, म्हणजे आपल्या वेळेला 10 डेसिबल जास्त मिळतात. साउंडचेकला शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ए आणि सी (यात बेसही धरला जातो) अशा दोन्ही मापांत मोजा, आणि आपला फोन नंबर त्याच्या हातात द्या. आत 96-98 डीबी(ए) भरपूर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी घातलेली वरची मर्यादा 15 मिनिटांच्या सरासरीने 100 आहे.

पैसा

किनाऱ्यावर मालक बारची किमान हमी मागू शकतो. हमी एक लाखाची आणि बारचा धंदा साठ हजारांचा झाला तर चाळीस हजारांची पदरमोड तुमची. नव्या नाइटला हा करार मुळीच करू नये. पणजीत साधा करार सुचवा: दारावरचं तिकीट तुमचं, बार मालकाचा. 45 माणसं गुणिले 300 रुपये तिकीट म्हणजे 13,500. त्यातून साउंड, दारावरचा माणूस, पोस्टर, आणि उरलेलं वाजवणाऱ्यांत सारखं. यात बसत नसेल तर आधी खोली बदला, तिकीट वाढवू नका. ध्वनिमुद्रित संगीत वाजवण्याचा परवाना मालकाने काढायचा की तुम्ही, हे आधीच लिहून घ्या.

पावसाळा की सीझन

जूनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक (झोपडीवजा तात्पुरती हॉटेलं) उतरलेले असतात, पर्यटक ओसरतो, पणजीतल्या बारमालकांचे शुक्रवारही रिकामे असतात आणि स्थानिक माणसाला जायला कुठे नसतं. म्हणूनच हा काळ मोलाचा. अडचणी ठरलेल्या: वीज जाते, म्हणून मिक्सर आणि लॅपटॉपला यूपीएस हवाच, दमटपणाने जॅक गंजतात, कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली पिशवीत ठेवा, पणजीतल्या ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी भरतं, तेव्हा उंचावरची जागा बघा. पत्र्याचं छप्पर नको, सरीचा आवाज ब्रेकडाउन, म्हणजे ट्रॅकमधला शांत भाग, गिळून टाकतो. श्रावणात बराच हिंदू श्रोता दारू सोडतो. त्या महिन्यात सोलकढी, कोकम सोडा ठेवला तर माणूस तरी येतो. चतुर्थीच्या आठवड्यात नाइट ठेवूच नये.

पाहुणा की घरचे

बाहेरचा डीजे एक रात्र भरून देतो, पुढची रात्र तितकीच रिकामी करतो. घरचे तिघे-चौघे पक्के करा, पाहुणा तिसऱ्या-चौथ्या रात्रीला एकदा. डिसेंबर-जानेवारीत कितीतरी डीजे किनाऱ्यावर मुक्कामालाच असतात. त्यांना मधल्या वारी बोलावलं तर विमानभाडं वाचतं.

पहिल्या तासावर सगळं अवलंबून असतं. साडेसातला बारा माणसं भिंतींना टेकून उभी असतात, आणि पहिलाच डीजे शेवटच्या तासाचे ट्रॅक काढतो. मग ती बारा माणसं बाहेर सिगारेटला जातात ती परत येत नाहीत. पहिला तास हळू आणि कमी आवाजात वाजवायचा हे वाजवणाऱ्याला आधी बजावा. उंच टेबलं मधे ओढून नाचायची जागा निम्मी करा. पंचवीस माणसांत ती भरलेली वाटते. चाळीस झाली की टेबलं मागे.

प्रचारात इन्स्टाग्राम मुख्यतः पर्यटकापर्यंत पोचतं, ते किनाऱ्यासाठी ठीक. पणजीसाठी दारावर एक वही: नाव, गाव, कोणाबरोबर आलात, आधी आला होतात का, नंबर विचारूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच निरोप जातो, तेव्हा तो दारावरच सेव्ह करायला लावा. महिन्यातून दोनच निरोप पाठवा, आठवडाभर आधी एक आणि त्या दिवशी दुपारी एक. तिसऱ्या रात्री वही उघडून परत आलेले मोजा. एक तृतीयांशाहून कमी असतील तर आधी वार बदलून बघा, मग वेळ, आणि संगीत सर्वांत शेवटी.

वही भरली की डिसेंबरात एकदा वागातोरची बंद जागा धरायला हरकत नाही. त्या रात्री पणजी बसस्थानकापासून सतरा सीटची गाडी ठरवा, भाडं तिकिटातच धरा, आणि पहिला तास आपल्याच माणसांसाठी वाजवा.