पिस्टन दुसऱ्या गाडीचा, बिल मात्र माझं

खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली आणि टोचन करून हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, इंजिन खोललंय. पिस्टनने बोअर खाल्लाय, हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे पिस्टनने सिलिंडरची आतली भिंत (बोअर) घासली आहे, इंजिन खोलून पिस्टन-रिंगा बदलाव्या लागतील. सोबत व्हॉट्सॲपवर फोटो : अंगावर खोल उभे ओरखडे पडलेला पिस्टन. बिल झालं 46,500 रुपये. त्यात बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं), 0.50 मिमी ओव्हरसाइज म्हणजे तेवढा मोठा पिस्टन-रिंग सेट, हेड फेसिंग (इंजिनच्या वरच्या भागाची, हेडची, खालची बाजू घासून सपाट करणं), गॅस्केट (हेडखालचं सील), सगळं लिहिलेलं. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा तापली. या वेळी साताऱ्यातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी काही खोलायच्या आधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावला. एक आणि चार नंबरचे सिलिंडर ठीक, दोन आणि तीन दोन्ही पडलेले. त्या दोघांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून प्रेशर वाढलं असतं. ते जागचं हललं नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुतेक वेळा मधलं गॅस्केट गेलेलं असतं, असं सांगून मगच त्यांनी हेड उतरवलं.

गॅस्केट बरोबर त्याच दोघांच्या मधे जळालेलं होतं. हेडवर सरळपट्टी आडवी ठेवून त्यांनी मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून दाखवला. 0.10 मिमीची पाती मधोमध आरामात आत गेली. आमच्या इंजिनला मर्यादा 0.05 ची. म्हणजे ज्या फेसिंगचे पैसे घेतले ते झालंच नव्हतं. मग त्यांनी पिस्टनवरचा कार्बन खरवडला. ओव्हरसाइज पिस्टनवर तो आकडा ठोकलेला असतो. चारांपैकी एकावरही नव्हता. बोअर मोजला, तोही कंपनीच्याच मापाचा. शेवटी मी तो फोटो दाखवला. त्यातल्या पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी दोन मोठे खळगे आहेत. माझं इंजिन सोळा व्हॉल्व्हचं, प्रत्येक पिस्टनला चार खळगे. तो पिस्टन माझ्या गाडीचा नव्हताच!

आणि गाडी मुळात तापली कशामुळे? थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेमुळे. मिस्त्रींनी तो उकळत्या पाण्यात टाकला. साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला हवा, तो उकळीलाही बंदच राहिला. हजाराच्या आतला पार्ट. पहिल्या गॅरेजने त्याला हातही लावला नव्हता, म्हणूनच गाडी दुसऱ्यांदा तापली.

गाडी तापून बंद पडली तर इंजिन खोलायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशनचे चारही आकडे लिहून मागा. पिस्टन धरला (सिलिंडरमध्ये अडकला) म्हणत असतील तर क्रँक पुलीला (इंजिनचा मुख्य दांडा फिरवणाऱ्या चाकाला) पाना लावून समोर फिरवून दाखवायला सांगा. पूर्ण धरलेलं इंजिन फिरत नाही. गाडी का तापली याचं उत्तर मिळाल्याशिवाय मोठं काम सुरू करू देऊ नका. जुने पार्ट परत हवेत हे आधीच जॉबकार्डवर लिहून घ्या.

बिल, तो फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रींनी लिहून दिलेली मापं जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.