जखम भरली, गरमी आतच राहिली

ती दुखत नव्हती, तिथेच मी फसलो.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. चीनमधल्या ग्वांगचौमध्ये रोज दुपारी पाऊस कोसळायचा, कपडे अंगाला चिकटायचे. अंघोळ करताना लिंगावर वाटाण्याएवढी जखम दिसली. गोल, कडा बोटाला टणक लागणाऱ्या, पू नाही, रक्त नाही, ठणका तर अजिबात नाही. जांघेत एक गाठ हाताला लागत होती, तीही दुखत नव्हती. सहा वर्षं मी त्या शहरात राहून चोंगशानच्या कारखान्यांतून कोल्हापूर-सांगलीच्या व्यापाऱ्यांना दिव्यांचा माल पाठवत होतो. एप्रिलमध्ये कँटन फेअर या तिथल्या मोठ्या व्यापारी मेळ्याच्या धामधुमीत माझ्या हातून जे घडलं, त्याचा जाब मी बायकोला दिला आहे. तो इथे मांडत नाही. त्यानंतर जे झालं ते सांगतो, कारण ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

दवाखान्यात जायची भीती वाटली. कामाचा परवाना काढताना सरकारी तपासणीत रक्त घेतलं होतं आणि त्यात याच रोगाची, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची, चाचणी होती, हे मला ठाऊक होतं. नाव नोंदलं जाईल, परवाना जाईल, गावाकडे कळेल, असं काय काय डोक्यात येत राहिलं. गोदामात पॅकिंग करणाऱ्या ओळखीच्या एका चिनी माणसाला मी अर्धवट सांगितलं. तो म्हणाला, "लाओ ज्यून-यीकडे जाऊ." म्हणजे म्हातारा लष्करी डॉक्टर. चीनमध्ये वर्षानुवर्षं विजेच्या खांबांवर या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या, आपल्याकडे रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात तशा. हे मी तेव्हाही जाणून होतो. तरी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची खोली होती. भिंतीला लाकडी खणांचं कपाट, वासावरून आत खरोखरच जडीबुटी होती. माणूस साठीचा, बोलणं मऊ. त्याने माझं मनगट छोट्या उशीवर ठेवलं, तीन बोटांनी बराच वेळ नाडी पाहिली, मग दुसऱ्या हाताची. जीभ बाहेर काढायला लावली, मोबाइलच्या उजेडात पाहिली आणि म्हणाला, जिभेवर पिवळा, चिकट थर आहे, नाडी घसरती आणि वेगवान आहे. मग कागदावर माणसाची आकृती काढून समजावलं: यकृताची वाहिनी पायातून वर येते ती जननेंद्रियाला वळसा घालून जाते. त्या वाटेने ओल आणि उष्णता खाली उतरली आहे आणि तिच्यात बाहेरचं विष मिसळलं आहे. उष्णता काढायची, ओल निचरून टाकायची, विष मोडायचं, की काम झालं.

हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि ते का वाटलं हे सांगायलाच हवं. माझी आजी या रोगाला गरमी म्हणायची. नाव घेताना तिचा आवाज खाली यायचा. अंगातली उष्णता वाढली, लघवी तापली, सब्जा घे, ताक पी, हे ऐकत मी मोठा झालो. ग्वांगचौमध्ये तर दर चौकात थंड काढ्याची दुकानं, लोक घसा धरला तरी म्हणतात आत आग चढली. त्या माणसाची भाषा चिनी होती, पण विचार मला घरचा वाटला. रक्ताची एखादी चिठ्ठी हातात देऊन कुणी "पॉझिटिव्ह" म्हणालं असतं तर मी हादरलो असतो. याने मला घाबरवलंच नाही.

मुख्य औषध तू-फू-लिंग, असं तो म्हणाला. कपाटातून फिकट गुलाबी-पांढऱ्या चकत्या काढून दाखवल्या. मी मोबाइलवर शोधलं तर ती आपली चोपचिनी निघाली. मग तर माझी खात्रीच पटली.

हे औषध खोटं नाही, त्यामागचा इतिहास खरा आहे. फसवणूक इतकी पक्की बसली ती त्यामुळेच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग चीनमध्ये पसरला तो ग्वांगतोंगकडून, म्हणजे ग्वांगचौ ज्या प्रांतात आहे तिथून, म्हणून उत्तरेचे लोक त्याला ग्वांगचा फोड म्हणायचे. पुरळ यांगमेइ नावाच्या लाल खडबडीत फळासारखी दिसते, म्हणून यांगमेइचा फोड असंही नाव पडलं. (यांगमेइ हे आपल्या कायफळाच्या कुळातलं फळ.) आजचं चिनी नाव मेइतू. ली श-चन या चिनी वैद्याच्या १५९६ साली छापून आलेल्या औषधीग्रंथात लिहिलं आहे की जुन्या पुस्तकांत हा रोग नाही, अलीकडे दक्षिणेकडून आला आणि चहूकडे पसरला. पाऱ्याचं औषध देऊन रोग्यांचे सांधे आखडतात, तिथे तू-फू-लिंग उपयोगी पडतं, असंही त्याने नोंदवलं आहे. तेच मूळ त्याच शतकात जहाजांनी गोव्यात पोचलं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र संवाद आहे. आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाला फिरंग म्हटलं आहे आणि उपायांत चोपचिनी आहे. चिन्यांनी दक्षिणेला दोष दिला, आपण फिरंग्यांना दिला, आणि दोघांनी एकच मूळ उकळलं.

पण हे सगळं पेनिसिलिनच्या आधीचं. १९४३ साली पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दिसलं. १९४९ नंतर चीनने गावोगाव फिरून हा रोग जवळपास संपवला, त्यातही पेनिसिलिन होतंच. आज चीनच्या स्वतःच्या उपचारपद्धतीतही या रोगावरचं पहिलं औषध पेनिसिलिनच आहे. चिनी वैद्यक मानणारा प्रामाणिक डॉक्टर रक्त तपासतो, इंजेक्शन देतो, आणि काढा द्यायचाच तर त्याच्या जोडीला देतो. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

२८ दिवसांचा कोर्स ठरला. उकळून सीलबंद केलेल्या काळपट काढ्याच्या पिशव्या, रोज दोन, गरम पाण्यात ठेवून कोमट करून प्यायच्या. ४,८०० युआन, म्हणजे तेव्हाचे ५५ हजारांच्या आसपास रुपये. पैसे मोबाइलवरून गेले, पावती नाही. पिशवीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. चीनमधल्या नीट चालणाऱ्या औषधालयात प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि ती किती ग्रॅम याची चिठ्ठी मिळते. मी सर्दीसाठी एकदा घेतली होती, म्हणून मला हे माहीत होतं. इथे मागितली तर म्हणाला, घराण्याचं औषध आहे, चिठ्ठी देत नाही. त्याच क्षणी उठायला हवं होतं.

अठराव्या-विसाव्या दिवशी जखम आकसायला लागली. चोवीसाव्या दिवशी तिथे फक्त फिकट डाग राहिला. त्याने पुन्हा जीभ पाहिली, थर गेला म्हणाला, हात मिळवला. रक्ताचा एक थेंबही न घेता मला बरा ठरवून मोकळा झाला. मी त्याला फळांची टोपली नेऊन दिली.

आता मला कळलेली गोष्ट सांगतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढी ठेवा. सिफिलिसची पहिली जखम काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. काढा प्या, भस्म घ्या, अंगारा लावा, नुसते बसून राहा, ती भरतेच. जंतू तोवर रक्तात उतरलेले असतात. म्हणजे २८ दिवसांचा कोर्स देणाऱ्याला औषध लागू पडण्याची गरजच नसते. रोगाचं वेळापत्रक त्याला पाठ असतं, आणि आपल्याला रोगाचं नावही नीट माहीत नसतं. जुन्या चिनी वैद्यांनासुद्धा ठाऊक होतं की हा रोग दबून राहतो, पुन्हा उसळतो, आईबापांकडून मुलांत उतरतो. या माणसाने त्यांची भाषा उचलली आणि त्यांनी दिलेला इशारा गाळला.

गणपतीला गावी आलो. आरतीच्या वेळी ताम्हण माझ्या हातात होतं. खाली ठेवलं आणि तळवे पाहिले, तर त्यावर ताम्हणाच्याच रंगाचे डाग. डाळीएवढे, सपाट, न खाजणारे. रात्री पाहिलं तर तळपायांवरही. आठवडाभर अंग मोडून आल्यासारखं होतं, घसा दुखत होता, मी प्रवासाला दोष दिला होता. त्या माणसाला फोटो पाठवले. लगेच उत्तर आलं: उत्तम लक्षण आहे, विष कातडीवाटे बाहेर पडतंय, अजून १४ दिवसांच्या पिशव्या कुरिअरने पाठवतो. मला ते पुन्हा पटू लागलं होतं. पण बायकोने हात धरून पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे साधं नाही. उद्या डॉक्टरांकडे चला." तिला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तळवे पाहिले, तोंडात बॅटरी मारली आणि बायकोला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मला एकच प्रश्न विचारला, "तीन-चार महिन्यांपूर्वी न दुखणारी जखम झाली होती का?" मी हो म्हटलं आणि रडलो. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, १:६४ आली. दुसरा आकडा जितका मोठा, तितका रोग जोरात. एचआयव्हीची चाचणीही केली, ती निगेटिव्ह होती. काढ्यात काय होतं हे मला सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्तचाचणीही करायला लावली. खाली उतरलेली उष्णता काढणाऱ्या जुन्या चिनी नुसख्यांत मू-तोंग नावाची वेल असते. तिच्या नावाखाली ग्वान-मू-तोंग नावाची दुसरीच वेल विकली जायची, जिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात. चीनने २००३ साली तिच्यावर बंदी घातली, पण बिनचिठ्ठीच्या पिशवीत काय आहे ते कोण सांगणार? माझं क्रिएटिनिन ठीक निघालं.

उपचार म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकदाचं इंजेक्शन. आधी कातडीत अ‍ॅलर्जीच्या चाचणीपुरता थेंब, मग अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्या. औषध दाट असतं, जड जातं, दोन दिवस बसताना दुखलं. त्या रात्री थंडी वाजून ताप भरला. जंतू एकदम मरतात तेव्हा असा ताप येऊ शकतो आणि एका दिवसात उतरतो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. म्हणून घाबरलो नाही. औषधाची किंमत मी घेतलेल्या काढ्याच्या एका दिवसाच्या पिशव्यांपेक्षा कमी होती.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिचीही व्हीडीआरएल १:८ आली. तिच्या अंगावर कुठे काही नव्हतं. जुलैमध्ये मी आठ दिवस घरी येऊन गेलो होतो, तेव्हा मी स्वतःला बरा समजत होतो. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. पोटात असताना हा रोग मुलाला झाला तर मूल दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं. बाईंनी हे तिच्यासमोर शांतपणे सांगितलं, तिने काही न बोलता दंड पुढे केला. त्या म्हणाल्या, "दंडात नाही, आडवं व्हावं लागेल." तो पुढे केलेला हात मी विसरणार नाही. फसवणुकीचा पैसा मी भरला, पण त्या दंडाची भरपाई मला कधीच करता येणार नाही.

असं काही झालं असेल तर सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे तपासणी आणि औषध फुकट आहे आणि नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. आयुर्वेद, चिनी औषध, होमिओपॅथी, ज्यावर श्रद्धा असेल ते असो, रक्त तपासल्याशिवाय कुणी बरं झाल्याचं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्हीडीआरएलचा आकडा खाली येतो की नाही, हे महिनोन्महिने पाहावं लागतं. सहा महिन्यांनी माझा १:८ झाला, बायकोची चाचणी निगेटिव्ह आली.

एक गोष्ट राहिली. जून संपताना, बरा झालो या आनंदात, मी साताऱ्याच्या एका पोराला त्याच खोलीचा पत्ता दिला होता. तोही तिकडे मालाचंच काम करायचा. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. "दादा, माझी जखम कधीच गेली, तुमच्यामुळे वाचलो," तो म्हणाला. मी त्याला तळवे बघायला सांगितलं. काही नाही म्हणाला, चिडला, लग्न ठरतंय, उगाच घाबरवू नका म्हणाला. मी रोज फोन करत राहिलो. अकराव्या दिवशी त्याने ग्वांगचौच्या सरकारी दवाखान्यात रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्टचा फोटो पाठवला. १:१६. खाली लिहिलं होतं, "सुईची तारीख घेतली. दादा, आणखी कुणाला पत्ता दिलाय का?"

दुसऱ्या कुणालाही नव्हता दिला. मी तसं त्याला लगेच कळवलं.